तायतांचं नाक

एलेउतेरियो चोकेमाकीचा सगळा तोरा एका नाकावर उभा होता. डोंगरातल्या त्याच्या गावच्या गुहेत गुडघे पोटाशी घेऊन बसलेले तायता, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी वारलेले, देह सुकून टिकलेले गावाचे मूळपुरुष, मोठे सरदार होते म्हणे. आणि त्यांचं बाकदार नाक हुबेहूब एलेउतेरियोसारखं! म्हणून ऑगस्टच्या उत्सवात तायतांची पालखी बाकीच्यांनी उचलायची आणि एलेउतेरियोनं चांदीनं मढवलेली काठी घेऊन, रिकाम्या खांद्यानं पुढं चालायचं. तीस वर्षं हेच चाललं होतं.

यंदा त्यालाच अवदसा आठवली. "एकदा पुरावाच होऊन जाऊ दे," म्हणत त्यानं शहरातून हाडं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी आधी तायतांपुढं कोकाची पानं ठेवून परवानगी मागितली, मग यंत्र लावलं, आणि ऐन उत्सवात चौकात कागद उघडला.

"तुमचे तायता समुद्रकाठचे. केसांच्या टोकाला, म्हणजे जुन्या वाढीत, मासळी खाल्ल्याची खूण आहे, मुळाशी, नव्या वाढीत, तुमचा बटाटा. म्हणजे मरायच्या जेमतेम वर्षभर आधी इथं आले."

"सरदार माणूस, फिरतीवर असायचाच," एलेउतेरियो म्हणाला.

"मानेचे मणके पार चेपलेत. जन्मभर ओझी वाहिलीत त्यांनी. हमाल होते."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो, पण नाक?"

"मातीचं आहे. आत तुमच्या लामा जनावराची लोकर कोंबलीय. मूळचं उंदरांनी खाल्लं असणार."

तेवढ्यात त्याची नव्वदीची आत्या सेबास्तियाना बाकावरून ओरडली, "अरे, ते माझ्या बापानं बसवलंय! नमुना हवा म्हणून दिवसभर आरशापुढं बसला होता!"

एलेउतेरियोचा हात आपसूक नाकाकडं गेला. म्हणजे तीस वर्षं आपण आजोबाच्या नाकाशी आपलं नाक जुळवून सरदार झालो! त्याचं त्यालाच हसू आवरेना.

"मग आता मी कोण गं?" त्यानं बायकोला विचारलं.

"वंशज!" दोमितिला म्हणाली. "तीस वर्षं तुम्हीच सांगताय ना, खरा वंशज मी एकटाच? मग हमालाचा वंशज काठी मिरवतो होय? लावा खांदा!"

त्यानं काठी आत्याच्या हातात दिली आणि पालखीखाली शिरला. दहा पावलांतच मान कडकन वाजली.

"बाई," तो कण्हत म्हणाला, "ते यंत्र आणा इकडं. नाकाचं सोडा, आता मणके बघा. नातं लागायला लागलंय."