हडळीचं वेळापत्रक

सोमवारी सकाळी साडेआठलाच साळुबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अवसरी बुद्रुकची माणसं तर होतीच, निरगुडसरहून दोन जीप भरून आल्या होत्या. दारात भेळेची गाडी लागली होती. हडळ बघायला आलेल्या माणसाला भूकही लागतेच.

मधोमध खुर्चीवर मोकळेबाबा बसले होते. हे बाबा माणसाच्या अंगातलं भूत काढत नाहीत, त्यात झटापट फार. ते घरं मोकळी करतात. खुनाचं घर, फाशीचं घर, जळिताचं घर, जिथून गिऱ्हाईक पळतं तिथं बाबा पोचतात, वास्तू मोकळी करतात आणि थोड्याच दिवसांत ती वास्तू कवडीमोलानं कुणाच्या तरी नावावर होते. कुणाच्या, ते बाबांच्या गाडीत डिझेल कोण टाकतं यावर असतं.

"भक्तांनो," बाबा म्हणाले, "किचनच्या ईशान्येला एक स्त्री-शक्ती अडकलेली आहे. तिची फ्रिक्वेन्सी लई हाय आहे. ठीक नऊ बजे ती प्रकट होणार. मोबाईल सायलेंट करा, तिला रिंगटोन चालत नाही."

लोकांनी मुकाट्यानं मोबाईल सायलेंट केले.

मी गफूर. मंचरला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली जळकी तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे तीस वर्षांचं काम. मोटार कशानं जळाली हे शेतकरी कधी खरं सांगत नाही, म्हणून माणसाऐवजी वस्तूला विचारायची मला सवय लागली आहे. त्या सवयीनंच मी त्या अंगणात उभा होतो.

घराची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. सात वर्षांपूर्वी साळुबाईंची सून आरती स्वयंपाकघरात साप चावून गेली. मुलानं चाकणला दुसरा संसार मांडला. मागे राहिल्या साळुबाई आणि नात प्राची. ही पोरगी आता आयटीआयला वायरमनचं शिकते. घर विकायचं, मंचरला दोन खोल्या घ्यायच्या आणि खाली प्राचीचं छोटं दुकान काढायचं, असा दोघींचा बेत होता. मंचरच्या नर्स प्रतिभाताईंनी घर पसंतही केलं होतं. अठरा लाखांवर बोलणं झालं होतं.

आणि महिनाभरापूर्वी स्वयंपाकघराची भिंत रडायला लागली. फरशी हादरायची, फळीवरची भांडी थरथरायची. प्रतिभाताई घाबरल्या नाहीत, पण त्यांच्या सासरच्यांनी नको म्हटलं. दुसरं गिऱ्हाईक दारातूनच फिरलं. शेवटी शेजारचा गोरख माणुसकी दाखवत पुढे आला. हा जमिनी-घरांची दलाली करतो. म्हणाला, "मावशी, असलं घर कोण घेणार? मी पाच लाखाला घेतो. बाबाला पण मीच बोलावतो, तुमच्यावर बोजा न्हाई." आज हडळीनं घर सोडायला होकार दिला की लगेच विसार पावती व्हायची होती. स्टँपपेपर गोरखच्या खिशात होता.

पैशापेक्षा प्राचीला दुसरंच लागत होतं. शनिवारी ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसून रडली. "चाचा, रस्त्यानं पोरं मला हडळीची पोरगी म्हणत्यात. माझी आई कुणाला मोठ्यानं बोलायची सुदीक न्हाई."

मी तिला पाणी दिलं. ती डोळे पुसून म्हणाली, "चार दिवस जरा बरं गेलं. मंगळवारपासून आवाज बंद हाये."

माझ्यासमोर बाकड्यावर साडेसात हॉर्सपॉवरची मोटार पडली होती. गोरखची. सोमवारी संध्याकाळी जळाली म्हणून त्यानं आणून टाकली होती, आणि रविवारपर्यंत पाहिजेच म्हणून दिवसातून तीनदा फोन करत होता. मला आधीच नवल वाटत होतं. गोरखचा कांदा केव्हाच काढून झाला होता. मोकळ्या वावराला पाण्याची एवढी घाई कशाला?

"प्राची," मी विचारलं, "आवाज कधी कधी येतो?"

"सोमवार ते बुधवार सकाळी नऊला. बाकीचे दिवस रात्री दहाला."

सांगता सांगता ती थांबली. वायरमनचं शिकणारी पोरगी ती. शेतीची थ्री-फेज लाईट आमच्याकडे नेमकी त्याच वेळांना येते. ते वेळापत्रक गावाच्या ग्रुपवर दर आठवड्याला पडतं. प्रत्येकाच्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपली आपण चालू होते. नऊ वाजले की शिवारातल्या शेकडो मोटारी एकदम घुं करतात, आणि रोजचं म्हणून कुणाचं तिकडे लक्ष नसतं. ज्या आवाजावर गाव शेतात पाण्याची दारं धरायला निघतं, त्याच आवाजाबरोबर हडळ येत होती, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी मी मोटार नेऊन बसवली. ऑटो चालू असल्याची गोरखनं दोनदा खात्री करून घेतली. सोमवारी पावणेनऊला प्राची गुपचूप त्याच्या विहिरीवर गेली आणि तिनं तो ऑटो बंद केला.

अंगणात आता नऊला दोन मिनिटं होती. बाबांनी स्वयंपाकघरात, अंगणातून दिसेल अशी, परात पालथी घालून वर तांदूळ पसरले होते. एकानं विचारलं, "महाराज, गेल्या हप्त्यात हडळ पाच दिवस आली न्हाई, ती का?"

"माहेरी गेली व्हती," बाबा म्हणाले. "हडळ झाली तरी बाईच ना."

बायकांनी माना डोलावल्या. काहींना तर आपल्याला मिळत नाहीत इतके दिवस मिळाल्याचा हेवाही वाटला असावा.

नऊ वाजले. शिवारात मोटारी घुमल्या. परातीवरचा तांदूळ जागचा हलला नाही. नऊ-पाच झाले, नऊ-दहा झाले. बाबांचा मंत्र दोनदा संपून तिसऱ्यांदा सुरू झाला. गोरख घड्याळ बघत होता. मग बाबांचं बोट माझ्याकडे वळलं. "इथं परधर्माचा माणूस उभा आहे. म्हणून ती येईना."

"मी बोलावतो की तिला," मी म्हणालो आणि फोन लावला. "प्राची, लाव."

भिंतीतून लांब हुंदका निघाला. फरशी धडधडली, परातीवर तांदूळ नाचला. दोन बायका किंचाळल्या.

"प्राची, बंद कर."

धप्प आवाज झाला आणि सगळं शांत.

तीनदा लावलं, तीनदा बंद केलं. चौथ्यांदा एक म्हातारा म्हणाला, "गफूरभाऊ, आता मला सांगू द्या." त्यानं सांगितलं तरी हडळ आली. हडळीला कुणीही चालत होतं.

मी पहार घेऊन भिंतीचं बाहेरून, गोरखच्या बाजूचं ताजं प्लॅस्टर उडवलं. आत पाईपलाईनची हवा सोडायची उभी नळी होती, आणि तिच्या तोंडाला जत्रेतली पिपाणी ठोकून बसवलेली. लोकांना सगळा उलगडा झाला. गोरखची जुनी लाईन या घराखालून जाते. साळुबाईंच्या यजमानांनीच पूर्वी शेजारधर्म म्हणून जाऊ दिली होती. बांधावरून नवी टाकल्यावर जुनी बंद आहे असं सगळे समजत होते. गोरखनं ती विहिरीवर पुन्हा जोडली, घराच्या दोन्ही अंगांचे जोड ढिले केले आणि पाणी ओढ्यात सोडलं. मोटार लागली की पाण्याच्या पुढची हवा पिपाणीतून निघायची, मागोमाग पाण्याच्या धक्क्यानं लाईन फरशीखाली आपटायची.

"लाईन जुनीच हाये," गोरख पुटपुटला.

"आणि पिपाणी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

बाबा गाडीकडे सरकले होते, पण भेळवाल्यानं गाडी आडवी लावली. पोलीस येईपर्यंत दोघांना ओट्यावर बसवलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आणि असल्या कामासाठीच आहे.

प्राची विहिरीवरून धावत आली. लोक टाळ्या वाजवत होते. साळुबाई मात्र भिंतीच्या भोकासमोर बसून होत्या.

"म्या पाच लाखाला का तयार झाले, ठाव हाय का?" त्या म्हणाल्या. "साप चावला तवा आरती म्हणत व्हती, आत्या, मला मंचरला न्या. म्या देवळात नेली. लिंबाचा पाला चारला. कडू लागला म्हंजी ईख उतरलं, म्हणून कडू लागंस्तवर पाला चारत बसलो आमी सगळी. दोन तास. मला वाटलं, ती माझ्यासाठीच परत आलीया."

टाळ्या थांबल्या. त्या दिवशी देवळात आरतीला उचलून नेणारे चार हात याच अंगणात होते. कुणी वर बघेना.

प्राची आजीजवळ खाली बसली. मग म्हणाली, "आई परत येत नसती, आजे. आली असती तरी तुला भ्या दाखवायला आली नसती. पण तवा मंचरला न्यायला पायजे व्हतं."

प्रतिभाताईंनी घर ठरल्या किमतीला घेतलं. प्राचीच्या दुकानाचा बोर्ड मी रंगवून दिला. गोरखची मोटार आता दुसऱ्या दुकानात जाते, त्याचं मला दुःख नाही.

लोकहो, घर घेताना इथं कोण मेलं हे जरूर विचारा, पण कशानं मेलं तेही विचारा. भिंत रडली तर पहार घेऊन आत बघा. आणि साप चावला तर देऊळ, पाला, मंत्र काही आठवू नका. मंचरच्या दवाखान्यात लस आहे आणि अवसरीहून गाडीवर पंधरा मिनिटं लागतात. आरतीपाशी दोन तास होते.