जुन्या भट्टीचा विस्तव

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टी एकदा पेटली की विझवायची नसते. आत वितळलेली काच असते. ती थिजली की भट्टी कामातून गेली. म्हणून सुट्टी असो, संप असो, कुणीतरी तिच्यापाशी बसायचंच. तो कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा माझे बाबा. आई म्हणायची, "आधी माझ्या सवतीचा ताप उतरला नाही ना ते बघा, मग जेवायला या."

निवडणूक जवळ आली आणि सरकारला एकाएकी आमचा पुळका आला. कारखान्यांचा गॅस स्वस्त झाला, घरचा सिलिंडरही. लोकांच्या हातात पैसा खुळखुळू लागला, सरबताच्या बाटल्यांना मागणी आली आणि मालकांनी शेजारीच दुसरी भट्टी बांधायला काढली. मी पॅकिंगला होते. आम्हा बायकांना जादा पाळ्या मिळाल्या. बाबांचे तर पाय जमिनीवर ठरेनात. "दोन भट्ट्या म्हणजे दुप्पट माणसं," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. ज्यांनी गॅस स्वस्त केला त्यांनाच मत द्या, हेही सांगत सुटले.

नव्या भट्टीला पहिला विस्तव जुनीतून न्यायचा, अशी आमच्याकडे रीत. विरजणासारखंच ते. बाबांनी लांब दांड्याचा पलिता जुन्या भट्टीत पेटवला आणि मिरवत नवीपाशी नेला. मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. आईने तो भिंतीवर लावला.

निकाल लागला. तेच निवडून आले. विजयाचे फटाके वाजून होतात न होतात तोच गॅसचा दर चढला, आणि असा चढला की आधीची सगळी सूट व्याजासकट वसूल झाली. लोकांनी हात आखडला, बाटल्यांची मागणीही बसली.

मालकांनी बाबांना केबिनमध्ये बोलावलं. मालाच्या चिठ्ठ्या द्यायला गेलेली मी तिथेच होते.

"आता एकच भट्टी परवडेल," मालक म्हणाले.

"मग नवी बंद करू," बाबा लगेच म्हणाले. "जुनी माझ्या हाताखालची आहे. कधी दगा दिला नाही तिने."

"काका, नवीला गॅस निम्मा लागतो. आणि माणसं चार पुरतात, बटणं दाबायला."

"पण दर असे वाढतील हे कुणाला माहीत होतं?"

"मला होतं. निवडणूक झाली की वाढतातच. म्हणून तर स्वस्ताईत नवी उभी करून घेतली."

हे तो माणूस इतक्या सरळपणे बोलला की चिठ्ठ्या त्याच्या तोंडावर फेकाव्याशा वाटल्या मला. बाबा नुसते टोपी कुस्करत उभे राहिले.

जुनी विझवायलाही बाबाच लागले. काच उपसून गॅस बंद केला. तळाशी उरलेली थिजली, ती पहारीने फोडायचं कामही त्यांनाच दिलं, रोजंदारीवर. दुपारी मी डबा घेऊन गेले तर ते भट्टीच्या भिंतीला तळहात लावून उभे होते. उभ्या आयुष्यात त्या भिंतीला हात लावायची सोय नव्हती. "गार पडली गं," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. शेजारी नवी घरघरत होती, त्यांनीच आणून दिलेल्या विस्तवावर.

काच फोडून संपली त्या संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले.

"मालक काय म्हणाले पुढच्या कामाचं?" आईने विचारलं.

"बोलावतो म्हणाले."

"कधी?"

"पुढच्या निवडणुकीला."

आई उठली. तिने भिंतीवरचा फोटो खाली काढला आणि मग ताट वाढलं.