माझी भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मार्केट यार्डाच्या मागे हमालांची वस्ती आहे. तिथे एक छोटा दवाखाना आहे. दारातून शिरताना उजव्या हाताला भिंतीत एक पांढरा दगड बसवलेला दिसतो. तो दगड म्हणजे मी, एक जुनी कोनशिला. दगडाला कसली आली आहे लाज, असे तुम्ही म्हणाल. पण मला ती वाटते, आणि ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही.

खाणीतून ट्रकने मी पुण्यात आले. सीताराम नावाच्या तरुण पाथरवटाने मला घासून गुळगुळीत केले आणि बारीक छिन्नीने माझ्यावर अक्षरे कोरली : 'नगरसेविका विजयमाला सावळे यांच्या प्रयत्नांतून'. विजयमालाबाई भाजी विकायच्या. तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन इथल्या बायकांना फार लांब जावे लागे. म्हणून बाईंनी या दवाखान्यासाठी पाच वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. अखेर तो बांधून झाला. माझ्यावरचा पडदा, पडद्याची दोरी, सगळे तयार होते. आणि उद्घाटनाला चार दिवस उरले असताना निवडणूक जाहीर झाली. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि असे कार्यक्रम करता येत नाहीत. मला गोणपाटात गुंडाळून ठेवले.

त्या निवडणुकीत बाई हरल्या आणि महिपतराव हरगुडे निवडून आले. ते सीतारामला म्हणाले, "नवा दगड आणायला वेळ नाही. ह्याचीच पाठ घास आणि माझं नाव टाक."

"आणि बाईंचं?" सीतारामने विचारले.

"ते जाईल भिंतीकडं. भिंत थोडीच वाचतीय?"

उद्घाटनाला माझ्यावरचा पडदा सरकला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला झेंडूचा हार घातला. मित्रांनो, खरे सांगते, मला ते फार आवडले. पाठीला ओल्या सिमेंटचा गारवा लागत होता. तिकडे मी लक्षच दिले नाही.

महिपतराव वाईट नव्हते. वस्तीत पाणी आले नाही, की ते पायजम्यावरच येऊन टँकरपुढे उभे राहत. हमालांच्या मुलींसाठी त्यांनी अभ्यासिका काढली. कुणाच्या घरी माणूस गेले, तर खांदा द्यायला ते हजर असत. चार वेळा निवडून आले. लोक त्यांना तात्या म्हणू लागले. मात्र दवाखान्यात शिरताना त्यांनी माझ्याकडे कधी पाहिले नाही. हा मोठेपणा असावा, असे मला वाटे. माझ्यावर पानाच्या पिंका पडल्या, क्लासच्या जाहिराती चिकटल्या, अक्षरांतला काळा रंग उडाला. तरी त्यांची नजर वळली नाही.

यंदा तात्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. दवाखान्यापुढेच सत्काराचा मांडव पडला. कार्यक्रमाच्या सकाळी विक्रम नावाच्या कार्यकर्त्याने सीतारामला बोलावले. सीताराम आता म्हातारा झाला आहे. मागचे सिमेंट सुटून मी हलू लागले होते, म्हणून धुऊन रंग भरायला त्याने मला भिंतीतून काढले आणि पोत्यावर पालथे ठेवले. तात्या मांडव बघायला आले होते. शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रांगेत विजयमालाबाई उभ्या होत्या.

विक्रमने माझी पाठ वाचली. "तात्या, हे काय? दुसरंच नाव आहे की!" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "सीतारामकाका, लावून टाका पटकन. कुणाला कळणार आहे?"

पण सगळी रांग वळून पाहत होती. बाई काठी टेकत पुढे आल्या. चष्मा वर करून त्यांनी एकेक अक्षर वाचले.

"अहो महिपतराव, माझं नाव आहे होय अजून? मला वाटलं, दगड फोडून टाकला असेल. शाळेतल्या पोरासारखं उभं केलंत की भिंतीकडं तोंड करून! शिक्षा जरा लांबली, नाही का?"

कुणी हसले नाही. तात्यांनी मान खाली घातली. तेव्हा मला कळले, की इतकी वर्षे ते माझ्याकडे का पाहत नव्हते. त्यांना शरम वाटत होती. आणि मी? मी हार मिरवत होते.

"बाई, चुकलं माझं," तात्या म्हणाले. "सीताराम, ह्यांचं नाव पुढं घे."

"अहो तात्या, आज तुमचा सत्कार आहे! लोक काय म्हणतील?" विक्रम म्हणाला.

"म्हणू देत. आधी हा दगड नीट बसू दे, मगच मी स्टेजवर चढेन."

"आणि तुमचं नाव?"

"ते आता भिंतीला वाचू दे."

सत्कार तासभर उशिरा झाला. तात्यांनी पहिला हार बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो माझ्यावर चढवला आणि त्या म्हणाल्या, "चला आता. लोक खोळंबलेत तुमच्यासाठी."

मित्रांनो, आता तात्यांचे नाव माझ्या पाठीशी, गारव्यात आहे. त्यांनीही पुष्कळ केले, हे मी विसरणार नाही. पण तुमच्यासाठी कधी टाळ्या वाजल्या, तर हार गळ्यात पडण्याआधी एकदा मागे वळून बघा. मला वळता येत नव्हते, हे खरे आहे. पण त्या दिवशी वळता आले असते, तरी मी वळले नसते.