माणसांसाठीच्या ओळी

बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला, तशी सुनेने हातातली मेण कोरायची सुरी खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले आणि सासऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. आत नळ सुरू झाला. आता घाई नव्हती. बाबांची अंघोळ म्हणजे सावकाशीचं काम. तिने बॅकअपची फाइल उघडली.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिची दातांची लॅब होती. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे स्कॅन यायचे, त्यावरून ती कॅप आणि कवळ्या बनवायची. सगळी मापं एकाच कॉम्प्युटरवर. तो बिघडला तर लॅबचंच बोळकं व्हायचं, म्हणून रोज त्यांची नक्कल वेगळ्या डिस्कवर जायची. हे खातं बाबांकडे होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते आपणहून मागून घेतलं होतं. कुठलं फोल्डर घ्यायचं आणि कुठलं वगळायचं हे मशीनला सांगणारी ही फाइल तर त्यांनी अशी काही मनावर घेतली, की नवरा त्यांना 'बॅकअपमंत्री' म्हणायचा.

फाइलमध्ये ओळीच्या आधी # अशी खूण केली की ती ओळ मशीन सोडून देतं. तिथे माणसाने माणसासाठी लिहायचं. बाबांनी या सवलतीचा मनसोक्त फायदा घेतला होता. '# इथे हात लावू नये. लावायचाच तर विचारून लावावा.' '# डिस्क गरम लागते. घाबरू नये.'

आज एक नवी ओळ होती. '# जुने सगळे वगळावे. जागा वाचते.' आणि तिच्याखाली मशीनला हुकूम: ज्याच्या नावात 'जुने' असेल, ते काहीही घेऊ नकोस.

तिने तो हुकूम पुन्हा एकदा वाचला. बाबांना वगळायचे होते ते 'जुने नमुने', पण 'जुने पेशंट' नावाच्या फोल्डरमध्ये लॅब सुरू झाल्यापासूनची मापं होती. मशीनला त्याचं काय? ते सांगितलं तेवढंच करणार आणि वर संध्याकाळी हिरवी खूण दाखवून 'यशस्वी' म्हणणार.

तिने हुकुमात 'जुने नमुने' एवढंच ठेवलं. वरच्या ओळीला हात लावला नाही. हुकूम एकदा लिहिले की बाबा परत बघत नसत, पण आपली # ची वाक्यं मात्र रोज कौतुकाने वाचत.

ही काही पहिली वेळ नव्हती. नवा स्कॅनर आला तेव्हा त्यांनी नव्या फोल्डरऐवजी आधीच्याच फोल्डरचं नाव दोनदा लिहिलं होतं. तेही तिनेच गुपचूप निस्तरलं.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबा हल्ली गॅस चालू ठेवून उठतात, चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधतात, एवढं त्याला दिसत होतं.

"ते काम काढून घे बाई त्यांच्याकडून," तो म्हणाला. "एखाद दिवशी मोठा घोटाळा होईल."

"आणि मग दिवसभर त्यांनी काय करायचं? तुझं डोकं खायचं?"

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. लॅब माझी आहे ना? माझं मी बघते."

बोलून गेली खरी, पण भीती तिलाही वाटायची. तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून कॉम्प्युटरसमोर बसणारे बाबा तिला फार आवडायचे.

पुढच्याच आठवड्यात कॉम्प्युटरने मान टाकली. आणि नेमका त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन.

"अगं, आपल्या रेडिओवाल्या आजींची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली. उद्या त्यांचा कार्यक्रम आहे, आणि हिरड्या इतक्या दुखतायत की नवं माप घेता येत नाही. जुनं आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," ती म्हणाली. लगेच तिने बाबांना हाक मारली.

बाबा डिस्क दोन्ही हातांत धरून आले. "आधी सगळे मागे सरा बघू," म्हणाले आणि नवऱ्याच्या लॅपटॉपला वायर जोडली. फोल्डर एकेक करून परत येऊ लागले. 'जुने पेशंट' आलं. त्यात आजी सापडल्या. त्यांचा जबडा पडद्यावर गोल फिरू लागला.

"बाबा, मानलं तुम्हाला!" नवरा ओरडला. "मंत्रिपद कायम!"

बाबा हसले नाहीत. परत आलेल्या सामानात त्यांची फाइलही होती. ती त्यांनी उघडली, पडद्यावर बोट ठेवून आपली # ची ओळ वाचली, मग खालचा हुकूम वाचला. पुन्हा वरची ओळ, पुन्हा खालची. मग चष्मा काढून पुसत बसले.

"आलं सगळं," एवढंच म्हणाले.

ती कवळीच्या कामाला लागली. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

कवळी वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी रेडिओवर आजी खणखणीत बोलल्या, 'स' आणि 'श' सगळे जागच्या जागी. बाबांनी कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला आणि टॉवेल घेऊन अंघोळीला गेले. आज त्यांनी कडी चांगली जोरात वाजवून लावली.

तिने लॅपटॉपवर फाइल उघडली. अगदी वर नव्या ओळी होत्या.

# ही ओळ मशीन वाचत नाही. दुसरं कुणीतरी वाचतं, हे मला काल कळलं.

# एक्स्चेंजमध्ये लाइन जोडणारा एक असे आणि ती लागली का, हे ऐकून बघणारा दुसरा. नाव जोडणाऱ्याचं व्हायचं.

# माझ्या चुका वाढल्यात. काम काढून घेतलंस तरी राग नाही. ठेवलंस तर बरं वाटेल.

# तपासणी: सूनबाई.

अक्षरं पुसट दिसायला लागली. तिने ॲप्रनच्या टोकाने डोळे टिपले आणि सवयीने खालचे हुकूम तपासले. एका फोल्डरच्या नावापुढचं अवतरणचिन्ह राहून गेलं होतं. ते दिलं. मग वर जाऊन तिने त्या फाइलमध्ये पहिल्यांदाच स्वतःची एक ओळ लिहिली.

# जोडणी: बाबा. बदल नाही.

आत नळ बंद झाला. कडी निघाल्याचा आवाज आला. ती खुर्चीतून उठली नाही.