चौथा प्रश्न

“नाकातून रक्त?”

“नाही.”

“हिरड्यांतून? लघवीतून?”

“नाही रे, सेमिसी! चर्चमधला पाद्रीसुद्धा दर रविवारी प्रवचन बदलतो.”

दवाखान्याच्या बाकावरच्या बायका हसल्या. कागदावर चौथा प्रश्न होता, पाळीत रक्त जास्त जातं का? तिथे मी स्वतःच ‘नाही’वर खूण केली. अनासेइनी माझी सख्खी थोरली बहीण. आम्हा टोंगातल्या लोकांत भाऊ वयात आला की बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिथे हे कोण विचारणार? आणि बेटावर नर्स मी एकटाच.

तिच्या हृदयात धातूची झडप होती. तिथे रक्त गोठू नये म्हणून रोज रक्त पातळ करणारी गोळी, आणि महिन्याला माझ्याकडे तपासणी. त्या दिवशी बोट टोचलं तर रक्त घट्ट निघालं.

“ताई, गोळ्या चुकवतेस.”

“विसरते कधी कधी.”

मी सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं. “उद्यापासून माझ्यासमोर घ्यायची!”

ती रोज आली. गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, हसून जायची. मी खूश. वळणावर जाऊन ती गोळी थुंकते, हे मला शहाण्याला काय ठाऊक!

तिसऱ्या आठवड्यात चटई विणता विणता ती कोसळली. गुठळी मेंदूत गेली होती. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

“गोळीमुळे पंधरा-पंधरा दिवस अंगावर जायचं हो त्यांच्या,” माझी बायको लाविनिया रडत म्हणाली. “उभं राहवत नव्हतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“भावापुढे बहिणीच्या पाळीचं नाव काढू? त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, सेमिसीच्या कानावर गेलं तर मी मेलेच समज.”

रक्तस्रावावर औषध होतं. एका शब्दाने उपाय निघाला असता, आणि तो शब्द विचारायची नोकरी माझी होती. मी भाऊ म्हणून लाजलो आणि नर्स म्हणून कमी पडलो.

ताईला मोठ्या बेटावरच्या इस्पितळातून घरी आणलं. गोळी पुन्हा सुरू केली होती, रक्तस्रावावर लक्ष ठेवायला डॉक्टरांनी मला बजावलं होतं. लाविनिया म्हणाली, “मी विचारते.” मी नको म्हणालो.

तिच्या खोलीत गेलो. मान खाली घालून तिच्या चटईपाशी बसलो.

“ताई, पाळी... जास्त जाते का? हो असेल तर हात हलव.”

तिने डावा हात उचलला, चादरीचं टोक चाचपडून धरलं आणि चादर तोंडावर ओढून घेतली.