चवळी खाणारे

छाया डोईफोडेच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा त्यावर लाल शाईत एकच शब्द होता: ‘का?’

तिचे मार्गदर्शक प्राध्यापक उत्तमराव सावळे बुलढाण्यातच राहत. घरी गेलं की आधी चहा देत आणि मग सोलून काढत. त्या दिवशीही तसंच झालं.

“तुम्ही लिहिलंय, माली देशात ठरावीक आडनावांची माणसं एकमेकांची टर उडवतात, वाट्टेल ते बोलतात, आणि त्यातून भांडणं मिटतात. ठीक आहे. पण का मिटतात? आमच्या गल्लीत असं कोणी बोललं की पोलीस येतात.”

“सर, तिथली ती जुनी परंपरा आहे.”

“हे उत्तर नाही, मॅडम. ही पळवाट आहे.” त्यांनी बशी पुढे सरकवली. “चिवडा घ्या.”

विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ दिवाळीपर्यंत होती आणि ती शेवटची होती. तोवर प्रबंध सादर झाला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून, उरलेल्या वेळात केलेलं सात वर्षांचं काम कपाटात पडलं असतं.

विषय तिने पुस्तकातून उचललेला नव्हता. पुण्यात एम.ए.ला असताना होस्टेलच्या खोलीत तिची जोडीदार होती फान्ता केइता, मालीतल्या सेगू गावची. पहिल्याच दिवशी फान्ताने तिला आडनाव विचारलं होतं. छायाने ‘डोईफोडे’चा अर्थ इंग्रजीतून समजावला. फान्ता पोट धरून हसली आणि म्हणाली, “म्हणजे तू आमची कुलिबाली. चवळी खाणारी. आजपासून तू माझी नोकर.” छाया दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फान्ताने सांगितलं की तिच्या देशात केइतांनी कुलिबाली आडनावाच्यांना असंच बोलायचं असतं आणि कुलिबालींनी केइतांना त्याहून वाईट. याला सनांकुया म्हणतात. थट्टेचं नातं. मोठ्यातला मोठा पुढारी असो, थट्टेच्या जोडीतल्या आडनावाचा गाडीवालाही त्याला चवळी खाणारा म्हणू शकतो, आणि पुढाऱ्याने रागवायचं नाही. जुन्या माली साम्राज्यापासून हे चालत आलंय, असं तिथले लोक मानतात.

छायाला मालीला जायला ना रजा मिळाली, ना निधी. सेगूत शिक्षिका झालेल्या फान्तानेच गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या, त्यांचं इंग्रजी केलं आणि पाठवल्या. छायाने त्या दोन गटांत लावल्या. भांडणानंतर लोक चिडून बोलले की गट पहिला: संबंध बिघडलेले. नीट, आदराने बोलले की गट दुसरा: संबंध सुधारलेले. इतकी सरळ विभागणी, आणि तरी प्रकरण उभं राहत नव्हतं. थट्टेने भांडण मिटतं असं सगळे सांगत होते, पण संबंध सुधारलेल्यांच्या गटात थट्टा जवळजवळ नव्हतीच.

ते कोडं तसंच पिशवीत टाकून ती भाच्याच्या जावळाला देऊळगाव राजाला गेली.

छायाचा भाऊ प्रज्वल आईवडिलांबरोबर मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाजवळच्या गावात शेती करतो. त्याची बायको सुवर्णा देऊळगाव राजाची. तिचे वडील तुळशीराम आणि छायाचे वडील भगवंतराव, दोघेही भाजीपाला पिकवणारे, दोघेही तोंडाळ. लग्नात या दोन व्याह्यांनी मांडव हसवून सोडला होता. तुळशीराम वरणाची वाटी उचलून म्हणाले होते, “इवाई, मेहकरकडं दाळ बघायला दुर्बीण लागते का?” भगवंतरावांनी उत्तर दिलं होतं, “हाव, पण तुमच्याकडचे पाव्हणे पाह्याले लागत नाही. पंगत उठली तरी बसूनच रायतेत.”

मग सुवर्णाचं बाळंतपण माहेरी झालं. धावपळीत तिला जालन्याला न्यावं लागलं. प्रज्वल तिकडेच होता. गावी फोन दुसऱ्याने केला असेल, असं ज्याला त्याला वाटलं. नातू झाल्याचं भगवंतरावांना दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या दुकानदाराकडून कळलं. “म्हणजे आमी कोणीच नाई,” एवढंच ते म्हणाले आणि बारशाला गेले नाहीत. तुळशीरामांनीही पुन्हा बोलावलं नाही.

आता जावळाला मात्र ते आले. बालाजीच्या देवळात नातू मामाच्या मांडीवर बसून रडला, केस उतरले, आणि मंडळी तुळशीरामांच्या मळ्यात जेवायला आली. छाया वडिलांच्या शेजारीच पंगतीत बसली होती.

“साहेब, पोळी वाढू का?” तुळशीरामांनी वाकून विचारलं.

“नको, नको. आपण बसा ना.”

“तब्येत बरी आहे ना आपली?”

“एकदम छान. आपली?”

“कृपा आहे.”

समोरच्या रांगेतला कोणी जालन्याचा पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, “व्याही असावेत तर असे. किती मान देतेत एकमेकांला.” छायालाही क्षणभर बरं वाटलं. चला, मिटलं वाटतं.

तुळशीरामांनी स्वतः चवळीची उसळ वाढली. भगवंतरावांनी घास घेतला आणि म्हणाले, “उत्तम झालीये.”

छायाचा हात थांबला. तिने स्वतःच्या पानातली उसळ खाऊन पाहिली. मीठ जवळजवळ नव्हतं, आणि खाली लागल्याचा वास होता. तिच्या वडिलांनी आयुष्यात कधी कोणाच्या भाजीला उत्तम म्हटलं नव्हतं. अंबूबाईंच्या, म्हणजे छायाच्या आईच्या, भाजीला सुद्धा ते “चालते” एवढंच म्हणत. तिने तुळशीरामांकडे पाहिलं. तेही “उत्तम” ऐकून जागच्या जागी उभे होते, पळी हातात घेऊन, जणू कोणी हाक मारून मग ओळखच दाखवली नसावी.

मिटलं वगैरे काही नव्हतं. दोघांत बोलण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून मान देणं चाललं होतं.

आणि तिथेच, द्रोणात ताक ओतलं जात असताना, तिला सेगूजवळच्या न्येले कुलिबालीची मुलाखत आठवली.

न्येले म्हातारी होती. शेजारच्या सेदू केइताशी तिचं शेताच्या बांधावरून भांडण झालं होतं. ती म्हणाली होती: ‘मग तो सकाळी आला. माझी तब्येत विचारली, मुलाची विचारली, गुरांची विचारली आणि गेला.’ छायाने ही मुलाखत दुसऱ्या गटात टाकली होती. संबंध सुधारलेले. पुढे न्येलेचं आणखी एक वाक्य होतं, ते विषयाला सोडून आहे म्हणून तिने प्रकरणातून काढलं होतं: ‘त्या दिवशी मी चूल पेटवली नाही.’

घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, हे कळायला डोईफोडेंच्या मुलीला मालीला जायची गरज नव्हती. तरी तिने ते वाक्य काढलं होतं.

बुलढाण्याला परतल्यावर तिने फान्ताला व्हिडिओ कॉल लावला.

“फान्ता, सेदूने न्येलेला चवळी खाणारी म्हटलं नाही, म्हणून ती दुःखी होती का?”

“मग कशाने असणार?” फान्ता वह्या तपासत होती. “ज्याच्या आजोबापासून चवळी ऐकतोय, तो माणूस सकाळी येऊन पाहुण्यासारखी तब्येत विचारतो. म्हणजे तो मेलाच की आपल्यासाठी.”

“हे तू मला सांगितलं का नाहीस?”

“हे सांगावं लागतं?” फान्ताने वर पाहिलं. “तुमच्याकडे काय आदर मिळाला की लोक खूश होतात? चवळी खाऊन डोकं जड झालंय तुझं.”

छायाने सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या. दुसऱ्या गटातल्या बहुतेक उचलून पहिल्यात टाकाव्या लागल्या, चिडणं समजून पहिल्यात टाकलेल्या थट्टेच्या दुसऱ्यात, आणि मग प्रकरण आपोआप चालू लागलं. थट्टा भांडण मिटवत नव्हती. भांडणात थट्टा थांबायची, आणि ती पुन्हा सुरू करायला कोणीतरी एकाला पहिलं वाकडं वाक्य बोलावं लागायचं. समोरच्याने ते मनाला लावून घेतलं तर उरलंसुरलंही जाणार. पहिलं बोलणारा स्वतःला दुसऱ्याच्या हातात देत होता. त्या धोक्यामुळे ते बोलणं खरं ठरत होतं. सरांच्या ‘का’चं उत्तर हे होतं.

उत्तमराव सरांनी प्रकरण वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. “हे बरोबर वाटतं. पण बरोबर वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. ती न्येले आणि तो सेदू, त्यांचं पुढे काय झालं? विचारा.”

“सर, फान्ताला तिकडे जायला वेळ लागेल. दिवाळी...”

“मग सांगा त्यांना, लवकर जा म्हणून. चिवडा घ्या.”

फान्ता शाळेला सुट्टी लागल्यावर गेली. तिचा निरोप आला तेव्हा छाया पेपर तपासत बसली होती. तिने पेन ठेवलं आणि न्येलेचा आवाज ऐकला, मग त्याखाली फान्ताचं भाषांतर. सेदू त्या हंगामानंतर आला होता. दारात उभा राहून म्हणाला होता, ‘या घरात एवढी चवळी खातात, तरी छप्पर अजून उडालं कसं नाही?’ न्येले सांगत होती: ‘मी काठी घेऊन धावले. मग चूल पेटवली. चवळीच शिजवली, आणि त्यालाच वाढली.’ शेवटी तिने विचारलं होतं, एवढ्या लांबून हे विचारणारी ती मुलगी कोण. फान्ताने सांगितलं, तुमच्यातलीच एक कुलिबाली. ‘तरीच,’ न्येले म्हणाली होती, ‘एवढा वेळ लागला.’

सरांनी दुसऱ्या दिवशी सही केली. मुदतीच्या आत प्रबंध गेला.

बांधलेली एक प्रत घेऊन छाया गावी गेली. भगवंतराव आणि अंबूबाई वाफ्यात चवळीच्या शेंगा तोडत होते. वडिलांनी हात पुसून पुस्तक तोललं. “जड झालं बाप्पा. काय हाये याच्यात?”

छायाने वाफ्यात बसून शेंगा तोडता तोडता न्येले आणि सेदूची गोष्ट सांगितली. भगवंतराव ऐकत होते, हात चालू होते.

“आधी कोण बोललं म्हणतं?”

“तो. सेदू.”

“अन् चूक कोणाची होती?”

“ते तिने सांगितलंच नाही, बाबा.”

“काऊन नाई इचारलं?”

“विचारलं होतं. म्हणाली, आता आठवत नाही.”

“आठवत कशी नाई!” अंबूबाई म्हणाल्या. “सांगाचं नसन तिले.”

भगवंतराव पुढच्या ओळीकडे सरकले. थोड्या वेळाने ते उठले, बांधावर गेले आणि खिशातून फोन काढला. छायाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने ते बोलले. फोनवर त्यांना हळू बोलता येत नसे.

“इवाई, मी बोलून राह्यलो. चवळी पाठवतो उद्याच्या गाडीनं. जावळाच्या दिवशी तुमी जे वाढलं ना, तशी उसळ आमी बैलापुढं बी नाई टाकत.”

छायाच्या हातातली शेंग मोडली. अंबूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं.

मग फोनमधून तुळशीरामांचा आवाज आला, तोही बांधापासून वाफ्यापर्यंत स्पष्ट. “बैल बरे, इवाई. हाक मारली की येतेत. तुम्ही बारशाला कामून नाही आले?”

“बलावलं कव्हा? मले तं बियाण्याच्या दुकानात समजलं!”

“मग तिथंच राहायचं, तुमच्यासारखं बियाणं इकलं जात नाही कुठं.”

भगवंतराव हसले. हसताना ते वाकले आणि बांधावर बसले. पुढचं बोलणं लांबत गेलं. जालन्याच्या दवाखान्याचं निघालं, कोणी कोणाला फोन करायचा होता त्याचं निघालं, एकदा दोघांचे आवाज चढलेही. उसळीत मीठ का नव्हतं यावर तुळशीरामांनी त्यांच्या थोरल्या सुनेला दोष दिला आणि भगवंतरावांनी तिची बाजू घेतली. अंबूबाई चहा टाकायला घराकडे गेल्या.

हे सगळं प्रबंधात घेता येण्यासारखं नव्हतं. विषय माली होता, मेहकर नव्हता, आणि प्रत तर बांधून झाली होती. छाया टोपली भरत राहिली.

भगवंतरावांनी फोनवर हात झाकला आणि हाक मारली. “छाया, इवाई इचारून राह्यले, त्या बाईच्या गावाले चवळी कोणती लागते? पांढरी का लाल?”

“विचारून सांगते, बाबा.”

“अन् शिजवते कशी, ते बी इचार. इवाईले शिकाची हाये.”