दुसरी सावली

चाकणजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. शटर खाली ओढलेलं, आत अंधार, फक्त समोरच्या भिंतीवर मागून उजेड पडलेला, धुपाने डोळे चुरचुरत होते. दोन्ही बाजूंना दाटीने बसलेले बहुतेक कंपन्यांतले कामगार. कुणाची मान आखडलेली, कुणाचा खांदा उतरलेला. मधोमध एक बाबा उभा होता; पाठ सरळ करणारा म्हणून लोक त्याला कणाबाबा म्हणत.

"नजर भिंतीवर ठेवा!" बाबा गरजला. "मागं वळंल त्याच्यावर ते बसंल!"

बाबाने पुढ्यात उभ्या केलेल्या भीमराज या कामगाराने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या वाकलेल्या सावलीच्या मानेमागून आणखी एक डोकं वर आलं होतं.

"दोघांचं वजन वाहतोस, पाठ वाकंल न्हाई तर काय! कुणाचं तरी मरण तुझ्या मनात हाय."

"हिंदुराव," भीमराजच्याच तोंडून निघालं.

"बराबर! हेच नाव कानात येत हुतं माझ्या!" बाबाने मोरपिसांचा कुंचा त्याच्या पाठीवर हाणला. "सरळ हो!"

दुसरी सावली नाहीशी झाली. भीमराज ताठ उभा राहिला. शेड जयजयकाराने दणाणली.

गुरुवारपर्यंत पाठ पुन्हा वाकली.

दोन वर्षांपूर्वी भीमराजने विनवणी करून हिंदुरावांशी शिफ्ट बदलून घेतली होती. त्याच शिफ्टला हिंदुराव छातीत कळ येऊन मशीनपाशी कोसळले आणि गेले. आता सावली दिसेल म्हणून भीमराज उन्हात निघायलाही घाबरू लागला. बायकोने, सोजरबाईने, पाठीला तेल लावायला घेतलं की म्हणायचा, "हात लावू नको. ते तिथंच बसलेत."

"मेलेल्याचं कापड आण," बाबाने फर्मावलं. भीमराज चिंचवडला हिंदुरावांच्या घरी गेला. दार तनुजाने उघडलं. हिंदुरावांची ही मुलगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. भीमराजने तिला सगळं सांगितलं.

"माझे पप्पा? तुमच्या मानगुटीवर?" तिने विचारलं. "शर्ट देते, काका. पण मी स्वतः घेऊन येणार."

पुढच्या रविवारी भिंतीवर ते डोकं पुन्हा उगवलं. सगळे श्वास रोखून बघत होते. तनुजा मात्र मागे वळली.

"पोरी, कोप व्हईल!" बाबा ओरडला.

तिने सरळ जाऊन मागचा, दोन भोकं पाडलेला लाल पडदा ओढला. आत दोन दिवे होते, एक डोक्याच्या वर, एक गुडघ्याएवढ्या उंचीवर. खालच्या दिव्याची वायर बाबाच्या पायाखालच्या बटणापर्यंत गेली होती. तिने खालच्या दिव्यापुढे शर्ट धरला. भिंतीवरचं डोकं गेलं. शर्ट काढला, डोकं परत आलं.

"दिवा खाली असला की सावली उंच पडते. बाबा, आता तुम्ही उभे राहा."

कामगारांनी बाबाला भिंतीपुढे ढकललं. त्याच्याही मानेमागे एक डोकं उगवलं. हसता हसता लोकांनी शटर वर केलं.

"मग माझी पाठ?" भीमराजने विचारलं.

"अकरा वर्षं बुटक्या टेबलावर वाकून नट आवळताय. छातीचे स्नायू आखडलेत, पाठीचे कमजोर झालेत. बाबा ओरडला की जोर लावून ताठ व्हायचात, तेवढ्यापुरतं."

"आणि ती शिफ्ट?"

तनुजाने शर्ट छातीशी धरला. "आठ दिवस त्यांची छाती दुखत होती, काका. आम्हाला सांगितलंच नाही. ते कुणाच्या पाठीवर बसणारे नव्हते."

भीमराज सगळ्यांसमोर मोठ्याने रडला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

मग रोज भिंतीला पाठ लावून व्यायाम सुरू झाला. कामगारांनी मागणी लावून धरली, तेव्हा लाइनवरची टेबलं वीतभर उंच झाली. पाच महिन्यांनी दुखणं निम्म्यावर आलं. पाठ पुरती सरळ झाली नाही, होईल असं तनुजाने सांगितलंही नव्हतं.

पाठ वाकते त्याला कारण असतं, मन खातं त्यालाही असतं. ते शोधायला वेळ लागतो, कष्ट पडतात, कधी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. पण जो कुणी मागे वळून बघायला मनाई करतो, त्याच्या हाती आपली पाठ देऊ नका.